शेकोटीला राखणदार हवा : पवनाकाठच्या कॅम्पमालकांना खुलं पत्र

पवना, मुळशी आणि भंडारदरा परिसरात टेंट, लाकडी केबिन आणि कॉटेज चालवणाऱ्या माझ्या सगळ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची गर्दी ओसरली की आपला खरा हंगाम सुरू होतो. शनिवारी दुपारी तीनपासून गाड्या यायला लागतात. पाचला चहा-भजी, आठला बार्बेक्यू, नऊला कॅम्पफायर. सगळ्यांच्या पॅकेजमध्ये हेच आणि जवळजवळ याच वेळा. मागच्या जानेवारीत एका शनिवारी मी आमच्या बांधावर उभा राहून काठावरच्या शेकोट्या मोजायला लागलो. तिशीच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. समोर तुंग, डावीकडे तिकोना, खाली पाण्यात त्या सगळ्या आगींची प्रतिबिंबं. दिसायला फार सुंदर होतं. पण त्यातल्या किती शेकोट्यांजवळ रात्री एक वाजता जागा माणूस होता, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

मी याच काठावर चार लाकडी केबिन आणि थोडे टेंट चालवतो. जमीन आजोबांची. तेव्हा हे पत्र बाहेरून कुणी उपदेश करायला लिहिलेलं नाही. ज्या चुका मी केल्या त्याच तुमच्याकडे होताना दिसतात, म्हणून लिहितोय.

आपल्या मावळात आगीची राखण कशी करायची हे कुणी शिकवायची गरज नव्हती. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस आठवा. शेण, पातेरा, फांद्या, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची. पण पेटवण्याच्या आधी आजोबा सगळ्या कडेनं जमीन खरवडून जाळपट्टा काढायचे. वारा पडलेला असेल तरच काडी लावायची, आणि तीही अशा बाजूनं की आग वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकेल. घरातली चार माणसं हातात ओल्या फांद्या घेऊन चारही कोपऱ्यांवर उभी. राब विझून राख गार होईपर्यंत कुणी घरी जेवायला जायचं नाही. आजी भाकरी शेतावर आणायची. एवढ्याशा तुकड्याला एवढी माणसं का, असं मी लहानपणी विचारायचो. आजोबा म्हणायचे, आग लावणारा एक पुरतो, राखायला घर लागतं.

त्याच शेतात मी रात्री नऊला शेकोटी पेटवायचो आणि साडेदहाला हिशेब करायला ऑफिसात जाऊन बसायचो. आग पाहुण्यांच्या हवाली. पाहुणे पुण्याचे, मुंबईचे, बरेचसे आयुष्यात पहिल्यांदा उघड्या आगीजवळ बसलेले. त्यांचा काय दोष? त्यांनी पैसे मोजून विकत घेतलेली ती एक गोष्ट होती, जेवणासारखी. ती कुणाची जबाबदारी आहे हे आपणच ठरवलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. जानेवारीचा शेवट. माझा शेकोटीचा खड्डा तेव्हा केबिनच्या व्हरांड्यापासून आठ-नऊ फुटांवर होता. पाहुण्यांना व्हरांड्यात बसून आग दिसावी म्हणून मुद्दाम तिथे. वर छप्पर गवतानं शाकारलेलं, फोटोत छान दिसतं म्हणून. रात्री अकराच्या सुमाराला वारा फिरला. संध्याकाळी तो पाण्याकडून येत होता, आता डोंगराकडून खाली उतरायला लागला. आपल्याकडे हे रोज घडतं, तरी मी तोपर्यंत त्याची दखल घेतली नव्हती. कुणीतरी बांबूचा तुकडा टाकला, पेर फुटून फटाक्यासारखा आवाज झाला आणि ठिणग्यांचा लोट उठला. त्यातली एक वळचणीच्या गवतात जाऊन बसली. आधी नुसता धूर. मग हाताएवढी ज्योत. त्या दिवशी पाण्याची टाकी धुवायची म्हणून पाईप जोडून ठेवलेला होता, आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी वर बघितलं. केबिनमध्ये एक दीड वर्षाचं बाळ झोपलेलं होतं. पाईप जोडलेला नसता तर मी हे पत्र लिहायला तुमच्यासमोर उभा राहू शकलो नसतो.

दुसऱ्या दिवशी मी तो खड्डा बुजवला आणि नवा पंचवीस फुटांवर खोदला. हा आकडा मनानं काढलेला नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत जी अग्निसुरक्षा संहिता वापरतात तिच्यात मौजेसाठी पेटवलेली आग कुठल्याही बांधकामापासून किंवा पेट घेणाऱ्या वस्तूपासून किमान 25 फूट लांब ठेवायला सांगितलं आहे, आणि अशा आगीचा आकारही बांधून दिला आहे : रुंदी 3 फूट, उंची 2 फूट, त्याहून मोठी नको. त्याहून मोठी होळी करायची तर अंतर 50 फूट. पंचवीस फूट म्हणजे साधारण दहा पावलं. गवताचं किंवा झापाचं छप्पर असेल, कारवीचा कूड असेल, तर मी याच्याही पुढे जाईन. तिकडच्या केबिनवर गवत नसतं, आपल्याकडे असतं. टेंटचं कापड तर त्याहून नाजूक. नायलॉनवर ठिणगी पडली की भोक पडून वितळलेला थेंब खाली गळतो, आणि तो थेंब कातडीवर पडला की चिकटतो.

अंतर वाढवल्यावर पाहुणे कुरकुरतील असं वाटलं होतं. कुणीही कुरकुरलं नाही. उलट आगीच्या भोवती मोकळी जागा झाल्यामुळे लोक गोल करून बसायला लागले.

खड्ड्याबद्दल थोडं. जागा निवडताना वर बघा आणि मग चढाकडे बघा. वर फांदी नको, वायर नको, लाइटच्या माळा नकोत. आणि खड्ड्याच्या लगेच वरच्या अंगाला वाळक्या गवताचा चढ नको, कारण आग उतारापेक्षा चढावर फार वेगानं पळते. तिच्या झळा पुढच्या गवताला आधीच वाळवून तयार ठेवतात. मार्च 2018 मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून जास्त ट्रेकर गेले. तो वणवा शेकोटीचा होता असं मी म्हणत नाही. पण वाळक्या गवताच्या डोंगरात आगीपुढे माणूस पळू शकत नाही, हे त्या दिवशी सगळ्या देशानं पाहिलं. आपले लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना फेब्रुवारीत कसे दिसतात? सोनेरी. तो रंग म्हणजे वाळलेलं गवत.

खड्ड्याभोवती दहा फूट जमीन पार मातीपर्यंत खरवडून काढा. जाळपट्टाच तो, नाव तेच ठेवा, पोरांना पटकन कळतं. कडेला दगड लावायचे तर ओढ्यातले किंवा धरणाच्या काठचे गोटे आणू नका. ते वर्षानुवर्षं पाण्यात भिजलेले असतात, भेगांत आणि छिद्रांत पाणी असतं, तापल्यावर त्याची वाफ होते आणि दगड फुटून कपच्या उडतात. कोरडा घडीव काळा दगड किंवा पक्की वीट बरी. ज्यांनी उंच पायांची लोखंडी कढई ठेवली आहे त्यांनी ती लाकडी डेकवर ठेवू नये, एवढंच. आणि वर टाकायला एक लोखंडी जाळी गावातल्या वेल्डरकडून करून घ्या, ठिणग्या अडतात.

पेटवण्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण इथे आपली पोरं भाजतात. पाहुणे नाहीत, आपली पोरं. शनिवार-रविवारी कामाला येणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं. लाकूड ओलं असतं, पाहुणे वाट बघत असतात, मालक ओरडत असतो, मग मोटरसायकलमधून बाटलीभर पेट्रोल काढलं जातं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत पायांपर्यंत येते आणि काडी ओढली की आग लाकडाला नाही, आधी माणसाला लागते. माझ्याकडच्या एका मुलाच्या भुवया आणि पापण्या अशा गेल्या. हात महिनाभर बांधलेला होता. त्याच्या आईसमोर उभं राहताना मला जे वाटलं ते तुमच्या वाट्याला येऊ नये. विझत आलेल्या आगीवर पेट्रोल, डिझेल, रॉकेल ओतणं तर त्याहून वाईट. आग धारेवरून उलटी बाटलीत चढते. पावसाळ्याआधीच लाकूड शेडमध्ये रचून ठेवा, बारीक चिपाड आणि वाळलेल्या गोवऱ्या वेगळ्या ठेवा. गोवरीचा तुकडा आणि चमचाभर तूप किंवा तेलात भिजवलेली कापसाची वात, याहून काही लागत नाही. घरच्या बायकांना विचारा, त्या चूल कशानं पेटवतात.

लाकूड कोणतं, यावर दोनच वाक्यं. रंग दिलेली फळी, प्लायवूड, सनमायका, प्लास्टिक आगीत नको. बिब्बा, कण्हेर आणि काजूची टरफलं तर चुकूनही नकोत. बिब्ब्याचा आणि काजूच्या टरफलाचा चीक अंगावर फोड आणतो, कण्हेर विषारीच, आणि त्यांचा धूर डोळ्यांत-छातीत जातो. वनखात्याच्या हद्दीतून मोळी आणू नका हे वेगळं सांगायला नको.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती. थंडी वाढली की पाहुणे निखारे मागतात. घमेल्यात भरून केबिनमध्ये न्यायला. लहान मूल आहे, आई म्हातारी आहे, थोडी ऊब हवी. आपल्यालाही वाटतं, द्यावेत, चांगली माणसं आहेत. धूर तर येत नाही, लाल निखारे नुसते.

धूर येत नाही हाच घात आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीनं त्याला धरतं, त्यामुळे श्वास चालू असतो आणि शरीर गुदमरत असतं. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. माणूस म्हणतो प्रवासानं दमलो आणि आडवा होतो. जानेवारी 2020 मध्ये नेपाळातल्या दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळचे आठ पर्यटक, त्यात लहान मुलंही होती, एका हॉटेलच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपले. सकाळी बेशुद्ध सापडले, एकही वाचलं नाही. तिथे हीटर होता, आपल्याकडे घमेलं असतं, वायू तोच.

माझ्याकडे एका कुटुंबानं मला न विचारता मध्यरात्री निखारे आत नेले होते. पहाटे चारला मी दुसऱ्याच कामासाठी उठलो, व्हरांड्यात घमेल्याचा काळा गोल दिसला आणि घमेलं दिसेना, म्हणून दार वाजवलं. आतल्या बाईंना उठून दार उघडता येईना. त्यांच्या मोठ्या मुलानं कसंबसं उघडलं. सगळ्यांना बाहेर उघड्यावर आणलं, गाडीत घालून दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लागला. सगळे घरी गेले. त्या दिवसापासून माझ्याकडे घमेली रात्री कुलपात असतात. प्रत्येक केबिनमध्ये दोन जादा रजया आणि गरम पाण्याच्या रबरी पिशव्या ठेवल्या आहेत. दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलंय : "शेगडी, निखारे, बार्बेक्यू आत आणू नका. झोपेत जीव जातो." एका पाहुण्यानं म्हटलं, भाषा जरा कडक आहे. असू दे. टेंटमध्ये तर हा धोका आणखी, कारण जागा लहान, चेन लावली की हवा बंद. पाऊस आला म्हणून टेंटच्या तोंडाशी बार्बेक्यू ओढून घेणारेही मी पाहिलेत.

दारूबद्दल मी उपदेश करणार नाही. पण शेकोटीभोवती फक्कीची एक रेघ मारा, आगीपासून पाच-सहा फुटांवर. रेघेच्या आत फक्त राखणदार. लाकूड टाकायचं तर त्यानंच. डिओडरंटचे डबे, लायटर, सॅनिटायझर रेघेच्या बाहेर. मुलांना ही रेघ खेळासारखी कळते आणि ती मोठ्यांपेक्षा जास्त पाळतात, हा माझा अनुभव आहे. कुणी भाजलंच तर नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट नको, शाई नको. वीस मिनिटं फार वाटतात, घड्याळ लावून धरा, आणि मग 108.

राखणदार म्हणजे कोण, हेही सांगतो, कारण पत्र त्याच्यासाठीच आहे. ज्याच्या नावावर त्या रात्रीची ती शेकोटी आहे असा एक माणूस. तो वाढायला जाणार नाही, गाडी लावायला जाणार नाही, गाणी लावणार नाही. त्याच्याजवळ पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या, एक वाळूची, ओलं गोणपाट, फावडं आणि जोडलेला पाईप. धरणात पाणी आहे असं म्हणू नका. पन्नास पावलांवरचं पाणी रात्री आणायला गेलात तर तोवर छप्पर गेलेलं असतं. त्याला त्या रात्रीचे वेगळे पैसे द्या. मी देतो. चार केबिनच्या शनिवारच्या कमाईत ते कुठे जाणवतही नाहीत. आणि वारा बघून आज शेकोटी नाही असं म्हणायचा अधिकार त्याला द्या, मालकालाही तो मोडता येणार नाही असा. झाडाची पानं सतत सळसळत असतील, ज्योत आडवी पडत असेल, तर नाही. त्या रात्री मी अंगणात चुलीसमोर पाटावर बसवून गरम पिठलं-भाकरी वाढतो, कंदील लावतो. कॅम्पफायर नाही तर बुकिंग नाही, असं आपण एकमेकांना सांगत आलो. मला दोन हंगामांत एकच माणूस पैसे परत मागणारा भेटला. मी दिले.

शेवटचं लाकूड दहाला. नाहीतरी स्पीकर दहाला बंद करायचाच असतो, दोन्ही एकदम ठेवलं की वाद होत नाही. मग आग आपोआप खाली बसू द्यायची आणि साडेअकरापर्यंत विझवायची.

विझवायची म्हणजे काय, यावर आपल्या काठावर मोठा गैरसमज आहे. बहुतेक जण वर माती लोटतात. मातीखाली निखारा विझत नाही, झोपतो. कित्येक तास तापलेला राहतो, आणि वरून दिसत नाही. आपल्या भाषेतच ते साठवून ठेवलंय की, आगीतून फुफाट्यात. आग दिसते म्हणून माणूस तिच्यापासून लांब राहतो. फुफाटा दिसत नाही म्हणून पाय पडतो. सकाळी सातला अनवाणी मुलं टेंटमधून धावत बाहेर येतात आणि त्या मऊ राखेत पाय घालतात. आणि दुपारी वारा सुटला की वरची माती-राख उडते, खालचा निखारा उघडा पडतो, तोवर पाहुणे चेकआउट करून गेलेले असतात, मुलं चादरी वाळत घालत असतात आणि बांधापलीकडचं गवत पेटतं.

म्हणून पाणी. एकदम ओतू नका, गरम राख तोंडावर उडते, कडेकडेनं, हळूहळू. मग फावड्यानं तळापर्यंत ढवळा, मोठी लाकडं उलटी करून त्यांच्या खालच्या बाजूवर पाणी, परत ढवळा, परत पाणी. सूं सूं आवाज थांबेपर्यंत, वाफ थांबेपर्यंत. शेवटी हाताची पालथी बाजू आधी राखेच्या वर धरून बघा, मग जवळ न्या, मग लावा. हात ठेवता आला तर विझली. नाही ठेवता आला तर विझलेली नाही, मग कितीही वाजलेले असोत.

वणव्याचा सगळा दोष आपल्यावर नाही, हेही मला माहीत आहे. पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं या समजुतीनं लावलेल्या आगी आहेत, रस्त्यावरून फेकलेल्या विड्या-सिगारेटी आहेत. पण आपल्या बांधापलीकडे बऱ्याच ठिकाणी राखीव वन सुरू होतं. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 नुसार राखीव वनात आग लावणं, तसंच वन धोक्यात येईल अशा रीतीनं आग जळती सोडून जाणं गुन्हा आहे. भंडारदऱ्याकडच्या मित्रांना तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यासाठी वन्यजीव कायदाही लागू आहे. आणि त्यांच्यासाठी एक गोष्ट कायद्याच्याही अलीकडची. मे-जूनमध्ये जे काजवे बघायला लोक रांगा लावतात, त्यांच्या अळ्या वर्षाचा मोठा काळ याच मातीत आणि पातेऱ्यात काढतात. फेब्रुवारीत पातेरा जळाला तर जूनमध्ये झाडावर काय चमकणार?

वणवा दिसला तर वनखात्याचा 1926 हा टोल-फ्री क्रमांक आहे, तातडीसाठी 112. दोन्ही प्रत्येक केबिनमध्ये लावा, आणि आपापल्या गावच्या वनरक्षकाचा मोबाइल राखणदाराच्या फोनमध्ये असू द्या.

माझी मागणी एवढीच आहे. या हंगामाच्या आधी आपण पवनाकाठचे सगळे जण एका संध्याकाळी बसू आणि चार गोष्टी एकदम ठरवू : पंचवीस फूट, एक राखणदार, दहाला शेवटचं लाकूड, निखारे आत नाहीत. एकट्यानं पाळलं तर पाहुणा म्हणतो, शेजारचा तर देतो. सगळ्यांनी पाळलं तर तो म्हणतो, इथे असंच असतं. ग्रामपंचायतीनं ठराव केला तर उत्तमच, पण त्याची वाट बघायला नको.

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी माझ्याकडे या, त्या दिवशी कुणाचंच बुकिंग नसतं. उजेड असताना या, म्हणजे खड्ड्यापासून केबिनपर्यंतचं अंतर पावलांनी मोजून बघता येईल. येताना तुमच्याकडे शेकोटी पेटवणाऱ्या मुलालाही घेऊन या. त्या रात्री शेकोटी तोच पेटवेल, आणि विझवल्यावर राखेला पहिला हात मी लावेन.

तुमचा,
पवनाकाठचा एक कॅम्पमालक